साहेबाची जागा

डिसेंबर लागला की जबलपुरात हातगाड्यांवर मटाराच्या शेंगांचे ढीग चढतात, सकाळचं ऊन अंगाला गोड लागतं आणि लोकांना उगाचच उत्साह येतो. मला येत नाही. मला या महिन्याचा राग आहे आणि तो मी नीट जपून ठेवला आहे. लोक लोणची मुरवतात, मी राग मुरवला. इतक्या वर्षांनी त्याला आता बरी चव आली आहे.

यंदा त्याला फोडणी दिली माझ्या नातीनं. रेवा बँकेत नोकरी करते. तिनं कुणाची तरी वापरून टाकलेली मोटार घेतली आणि पुढच्या दोन्ही सीटा सोडवून आमच्या नेपियर टाउनच्या घराच्या व्हरांड्यात आणून मांडल्या. चामड्याला भेगा पडलेल्या, कडा झिजून पांढऱ्या झालेल्या. शेजारी बाटल्या, स्पंज, पॉलिशपेपर. मोबाइलवर एक गोरागोमटा माणूस सांगत होता की जुनी सीट घरच्या घरी नवी कशी करावी. असल्या माणसांचे दात फार पांढरे असतात. जुन्याचं नवं करून देतो म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही. माझं अर्धं आयुष्य अशाच एका माणसाच्या घरात गेलं.

"आजी, ये असली लेदर है," रेवा म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलायला गेली की तोंडातून हिंदी येते. तिनं स्पंज काळ्या रंगात बुडवला, पिळला आणि सीटवरून हलक्या हातानं फिरवला. त्या काळ्या ओल्या स्पंजाकडे पाहताना माझ्या नाकात जवसाच्या तेलाचा वास आला. व्हरांड्यात जवसाचं तेल कुठेही नव्हतं.

एकाहत्तरच्या लढाईचा तो हिवाळा. मी आदल्याच वर्षी लग्न होऊन अमरावतीहून इथे आले होते, बी.ए.चं सर्टिफिकेट ट्रंकेच्या तळाशी घालून. सासर इथल्याच घमापूर भागातलं. घरात चार माणसं: मामंजी, म्हणजे माझे सासरे, सासूबाई, हे आणि मी. हे तोफांच्या फॅक्टरीत लेथवर होते. लढाईचे वारे वाहू लागले तशी त्यांना दुहेरी पाळी लागली. घरी यायचे ते खिशात लोखंडाचा कीस घेऊन, जेवायचे आणि आडवे व्हायचे. मामंजी त्याच फॅक्टरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी साहेबांच्या सह्या घेतल्या होत्या आणि त्या सह्यांची शाई आपल्याच दौतीतली होती, असं त्यांचं मत होतं.

त्यांच्याकडे मोटार होती. विलायती, लिलावात घेतलेली, एके काळी फॅक्टरीच्या एका इंग्रज साहेबाची. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. घेतली तेव्हा पूजेसाठी ती नर्मदेवर ग्वारीघाटला नेली होती. तिथे पंड्यानं नारळ फोडला, बॉनेटवर झेंडूचा हार चढवला आणि गाडी जी बंद पडली ती नावाड्यांनी नावा सोडून येऊन ढकलली. ही हकीकत मला सासूबाईंनी सांगितली. मामंजी सांगायचे त्या हकीकतीत नावाडी नव्हते.

एरवी ती अंगणात उभी असायची. मामंजी सकाळी तिच्यात बसून वर्तमानपत्र वाचत. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर मात्र ते कधी बसले नाहीत आणि कुणाला बसूही दिलं नाही. तिथे चामडं मधोमध खोल बसलेलं होतं, वाडगं रुतवून ठेवल्यासारखं. वर्षानुवर्षं साहेब त्या जागी बसले म्हणून तो खड्डा पडला होता. त्याला आमच्या घरात 'साहेबाची जागा' म्हणत. पाहुणा आला की मामंजी त्याला गाडीपाशी नेऊन ती दाखवत. लोक घरातले देव दाखवतात. आमच्याकडे एका परक्या माणसाच्या बुडाचा खड्डा दाखवत.

लढाई लागली आणि गावाला एकदम मोठेपणा आला. आपल्या फॅक्टऱ्यांमुळे शत्रूच्या नकाशावर पहिलं नाव जबलपूरचंच, असं जो तो छाती फुगवून सांगू लागला, जणू लग्नाच्या यादीत नाव वर आलंय. बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणायला घेतले. त्यांतले काही मी पाहिले. एक बाही कोपराशी संपायची, दुसरी बोटांच्या पुढे जायची. मामंजींना गल्लीचं वॉर्डन केलं गेलं. दंडावर पट्टी आणि गळ्यात शिट्टी. निवृत्तीनंतर चार वर्षं ज्याचं कुणी ऐकलं नव्हतं, त्याच्या हाती शिट्टी आली. शत्रूच्या विमानांना उजेड दिसू नये म्हणून दिवेलागणीला ते गल्लीभर फिरून ज्याच्या फटीतून उजेड दिसेल त्याच्या दाराशी शिट्टी फुंकत. खरी लढाई ज्याच्या हातून घडत होती तो त्यांचा मुलगा आत भिंतीकडे तोंड करून झोपलेला असायचा.

काचा काळ्या करायच्या होत्या. बाजारात रंग मिळेना, म्हणून सासूबाईंनी घरीच केला. कंदिलांची काजळी खरवडली, जवसाचं तेल कढईत उकळून उकळून दाट केलं आणि त्यात काजळी खलली. आम्ही वऱ्हाडातली माणसं. जवसाचं तेल आमच्या भाजीत, चटणीत, डोक्याला, दुखऱ्या गुडघ्याला. काचांनाही तेच. गल्लीतल्या सगळ्या घरांच्या खिडक्या आमच्या कढईतल्या काळ्यानं रंगल्या. मोटारीचे दिवेही अर्धे रंगवले. त्यामुळे ती अर्धवट झोपलेल्या म्हशीसारखी दिसू लागली.

मग बातमी आली की कुणी मोठे अधिकारी वॉर्डनांच्या कामाची पाहणी करायला येणार. त्यांना गल्लीत फिरवायला गाडी लागणार, आणि ती आपलीच असणार, हे मामंजींनी परस्पर ठरवून टाकलं. सीटा भुऱ्या रंगाच्या होत्या, उन्हानं फाटलेल्या. गोहलपुरात सीटा शिवणारे कारागीर ढिगानं होते, पण मामंजींचं त्या प्रत्येकाशी कधी ना कधी भांडण झालेलं. शिवाय साहेबाच्या सीटला असल्यातसल्या हातांनी शिवायचं नाही. तेव्हा काम घरातच निघालं. चार दिवस अंगणात सीटा, मामंजी आणि त्यांचा आवाज. फाटलेल्या शिवणी त्यांनी दाभणानं सुतळी ओवून शिवल्या. भेगांत मेण आणि लाकडाचा भुसा कालवून भरला. फुगवटा गेलेल्या ठिकाणी सासूबाईंच्या उशीतला कापूस कोंबला. सासूबाई नंतरचा अख्खा महिना हाताची घडी डोक्याखाली घेऊन झोपल्या. फक्त साहेबाच्या जागेत त्यांनी कापूस घातला नाही. तो खड्डा जसाच्या तसा राहिला पाहिजे होता.

शेवटी रंगाची वेळ आली. काजळी उरली होती, जवसाचं तेलही होतं. सासूबाई तेल उकळायला उठल्या तर मामंजींनी त्यांना बसवलं. उकळल्यानं तेलातलं सत्त्व जातं म्हणे. त्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीवर चामड्याची मोट होती आणि तिला तेल पाजताना त्यांनी पाहिलं होतं. कोणतं तेल, ते त्यांनी पाहिलं नव्हतं.

"चामडं तेल पिते, सूनबाई," ते मला म्हणाले. "जितकं पाजशीन तितकं ते आपल्याला जपते."

आणि त्यांनी पाजलं. कच्च्या तेलात काजळी कालवून चिंधीनं हातावर हात दिले. चामडं पीत नव्हतं. साहेबाच्या काळचं रोगण त्याच्यावर अजून होतं, ते एक थेंब आत घेईना. तेल वर तवंगासारखं चमकत राही, आणि मामंजींना वाटे की ही झळाळी. खड्ड्यात तर सगळीकडचं ओघळून साचलं. "कच्चं तेल वाळत नाही, मी सांगून राहिली," सासूबाई एकदा म्हणाल्या. एकदाच. मग पदर सावरून आत गेल्या. त्या माउलीला सगळं कळायचं आणि एकदा म्हटलं की आपलं काम झालं असं तिला वाटायचं. मला त्याचाही राग आहे.

लढाई पंधरवड्यात संपली. नकाशावर एक नवा देश आला, शिट्टी खुंटीला लागली, काचांवरचं काळं लोक ब्लेडनं खरवडू लागले. पाहणीचे अधिकारी काही आले नाहीत. सीट अजून वाळली नव्हती. मामंजींनी ती उन्हात ठेवली, चुलीजवळ ठेवली, अंगारा लावला. वर साय धरल्यासारखं झालं, बोटाला फारशी लागेना. तेव्हा त्यांनी जाहीर केलं की झालं.

त्याच दिवसांत नेपियर टाउनमधल्या मराठी मंडळींच्या शाळेत एका शिक्षिकेची जागा निघाली. मी अर्ज केला होता आणि मुलाखतीला बोलावणं आलं होतं. अर्ज का केला, ते सांगते. त्या घरात मला दिवसभर कुणाशी बोलायचं असेल तर ते गाडीविषयी बोलावं लागे. हे उठलेले असत तेव्हा मी चुलीपाशी असे, मी मोकळी होई तेव्हा हे झोपलेले. चार पुस्तकं वाचलेली मुलगी मी. दिवसभर गवार मोडत एका खड्ड्याचं कौतुक ऐकत राहिले असते तर वेडी झाले असते. मला त्या घरातून रोज बाहेर पडायला एक दार हवं होतं, आणि दुसरं कुठलंच दिसत नव्हतं. ही मुलाखत हातची गेली असती तर पुन्हा अर्ज करायची परवानगी मिळाली नसती, हे मामंजींनी आधीच सांगून ठेवलं होतं.

परवानगी दिली तीही एका अटीवर: जायचं ते मोटारीतून. सून नोकरीला रिक्षानं गेली तर लोक म्हणणार घरात गरज आहे. मोटारीतून गेली तर म्हणणार हौस आहे. मामंजींच्या जगात गरज ही लाज होती आणि हौस ही अब्रू. आणखी एक अट होती. शाळेची समिती पुण्याकडच्या बोलीची. "तिथे काहून-फाहून बोलायचं नाही," त्यांनी बजावलं. जन्मभर 'काहून' म्हणणारा हा माणूस शाळेच्या चिटणीसांसमोर गेला की 'का बरं?' म्हणायचा. आणि म्हणताना मान अशी तिरकी करायचा, की चोरीचा माल विकतोय असं वाटावं.

मी माझी मोतिया रंगाची खळ घातलेली सुती साडी नेसले. चांगली अशी तेवढीच होती. सासूबाईंनी सीटवर टाकायला एक जुनी चादर आणली. मामंजींनी ती काढून त्यांच्या हातात परत दिली. रंगवली ती काय झाकायला, म्हणाले. मी मागच्या बाजूला चढायला गेले तर त्यांनी पुढचं दार उघडलं.

"आज तू साहेबाच्या जागेवर बस."

केवढा मान. मी बसले. गार लागलं. डिसेंबरात चामडं गारच लागतं, म्हटलं. जवसाचा वास येत होता. तो तर माझ्या केसांनाही यायचा. मामंजींनी गाडी बैलगाडीच्या वेगानं हाकली, कारण भरधाव गेलो असतो तर कुणी पाहिलं नसतं. ओळखीचा कुणी दिसला की भोंगा वाजवत. मी त्या खड्ड्यात चांगली रुतून बसले होते आणि मनातल्या मनात घोकत होते: का, का, का. काहून नाही. का.

मुलाखतीला तिघं होते. मोठ्या बाई, चिटणीस आणि कोपऱ्यात पेंगणारे एक डॉक्टर. चिटणीसांनी माझा अर्ज दोन बोटांत धरला होता. "वऱ्हाडातल्या वाटतं तुम्ही," ते म्हणाले, आणि हसले. या मंडळींच्या तीन पिढ्या जबलपुरात गेल्या होत्या. दूधवाल्याशी धड हिंदी बोलता येत नव्हती, मराठी बोलायला फक्त एकमेकं उरली होती. पण ती भाषा अशी जपायचे, की बाहेरचं कुणी बोललं तर विटाळ. नर्मदेच्या काठी मुठेचं पाणी प्यायल्याचा आव. माझ्या सासऱ्यांनी साहेबाचा खड्डा जपला आणि यांनी आपला 'का' जपला. मला दोघांत फरक दिसला नाही, अजूनही दिसत नाही.

मग त्यांनी मला मुलींच्या वर्गावर पाठ द्यायला पाठवलं. तिघंही येऊन मागे बसले. मी नर्मदेचा विषय घेतला. या मुलींनी ती रोज पाहिलेली. म्हटलं, इथे तरी माझा पाय घसरणार नाही. पहिली पाच मिनिटं बरी गेली. मग मी फळ्याकडे वळून नदी काढायला लागले, आणि नदी काढता काढता तोंडातून गेलं, "आपल्या देशातल्या बऱ्याच नद्या पूर्वेकडे वाहतात. मग आपली नर्मदा पश्चिमेकडे काहून वाहते?"

वर्गात खसखस पिकली. माझे कान तापले. गेलं, म्हटलं, सगळं गेलं एका शब्दापायी. मी मुलींकडे तोंड करून प्रश्न सुधारला: का वाहते? त्या गप्प झाल्या. मला धीर आला. आता हे शुद्ध रूप ठळक लिहूनच टाकावं म्हणून मी पुन्हा पाठ फिरवली आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'का'. या खेपेला त्या पोट धरून हसल्या. चिटणीसांचाही आवाज त्यात होता. मला कळेना. शब्द तर शुद्ध होता.

पुढच्या बाकावर दोन वेण्यांची एक मुलगी होती. ती हसत नव्हती. ती उठून अगदी हळू म्हणाली, "बहनजी, आपकी साड़ी... पीछे सब काला है।"

मी निऱ्या धरून वळून पाहिलं. मोतिया साडीवर मागे तव्याएवढं काळं वर्तुळ होतं, तेलकट, कडेनं पाझरणारं. साहेबाची जागा जशीच्या तशी माझ्या अंगावर उमटली होती. मघा मुलाखतीत बसले त्या वेताच्या खुर्चीवरही ती मी ठेवून आले असणार. मला रडू आलं, हे खोटं कशाला सांगू. मागे चिटणीस रुमालात तोंड घालून हसत होते आणि डॉक्टर जागे झाले होते. आता पळाले तर त्या अंगणात, गवारीच्या शेंगांत आणि त्या शिट्टीत जन्म जाणार. हे मला इतकं लख्ख दिसलं की रडू मागे राहिलं आणि त्याच्या जागी दुसरंच काही वर आलं. तो हा माझा राग. त्याच दिवशी, त्याच वर्गात तो जन्मला.

"हो," मी म्हटलं. "मी मोटारीतून आले. मोटारवाल्यांच्या घरच्या बायका मागून अशाच दिसतात."

मुली हसल्या, पण आता माझ्याबरोबर. मी फळ्याकडे गेले, ते काळं वर्तुळ सगळ्या वर्गाला आणि समितीला नीट दिसेल असं सरळ उभं राहून मघाचं 'का' पुसलं आणि तिथे लिहिलं, 'काहून'. मग वळून विचारलं, "तर सांगा, नर्मदा पश्चिमेकडे काहून वाहते?"

ती दोन वेण्यांची मुलगी उठली. आता ती हिंदीत बोलली नाही. "काहून की तिकडं उतार आहे, बाई."

तास संपला तेव्हा चिटणीस रुमाल खिशात घालून निघून गेले. मोठ्या बाई दारापाशी थांबल्या. त्यांचा चेहरा कडकच होता. सोमवारपासून या, म्हणाल्या, आणि दोन पावलं जाऊन परत वळल्या. "येताना मात्र रिक्षानं या."

बाहेर मामंजी गाडीत वर्तमानपत्र वाचत होते. नोकरी मिळाली का, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी माझी साडी पाहिली आणि घाईघाईनं शेजारच्या सीटकडे वळून पाहिलं. खड्ड्यातला काळा रंग उचलला गेला होता आणि मधोमध साहेबाच्या काळचं भुरं चामडं उघडं पडलं होतं. "सगळा रंग घेऊन गेली तू," ते म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. मग त्यांनी हातातलं वर्तमानपत्र उलगडून त्या सीटवर पसरलं. मला वाटलं माझ्या साडीसाठी. तसं नव्हतं. माझ्या साडीनं सीट आणखी बिघडू नये म्हणून होतं.

मी दार लावलं आणि रिक्षा केली. मामंजी मागून आले. पुढे रिक्षात पाठीवर शाल ओढून मी आणि मागे भोंगा वाजवत मामंजींची मोटार, अशी आमची वरात नेपियर टाउनपासून घमापुरापर्यंत गेली. लोकांना गरज दिसली की हौस, ते त्यांचं त्यांना ठाऊक. रात्री यांनी साडी पाहिली आणि कधी नव्हे ते मोठ्यानं हसले. मग विचारलं, "नोकरी लागली न?" हो म्हटल्यावर पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपले. त्या घरात हा प्रश्न विचारणारे ते एकटे निघाले, म्हणून त्यांच्यावर माझा राग नाही.

चामड्यावर जो इतके दिवस बसला नाही तो रंग साडीवर मात्र पक्का बसला. साबण झाला, रिठा झाला, रॉकेल झालं. शेवटी ते वर्तुळ कापून, दुमडून, शिवून मी त्याचा फळा पुसायचा बोळा केला आणि शाळेत नेला. निवृत्त होईपर्यंत मी त्या शाळेत शिकवलं. चिटणीस बदलले, त्यांच्या घरची पोरं आता पुण्यालाच असतात आणि म्हणे इंग्रजीत बोलतात. मोटार शेवटी भंगारात गेली. मामंजींनी आधी साहेबाच्या जागेचं चामडं तेवढं कापून ठेवायला सांगितलं होतं. कुणी कापलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, पण सुंभच भंगारवाल्यानं नेला तर पीळ राहतो कुठे?

रेवानं मात्र पातळ हात दिले. एक हात, मग थांबली. दुसरा हात, मग थांबली. थांबणं ही गोष्ट आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हती. ती कुठून शिकली कोण जाणे, त्या पांढऱ्या दातांच्या माणसाकडून असेल तर त्याला माझे दोन चांगले शब्द. काल तिनं सीटा गाडीत परत बसवल्या आणि पुढचं दार उघडून उभी राहिली. मी तिथेच, हाताची घडी घालून.

"बैठो ना आजी," ती म्हणाली. "काहून खड़ी हो?"

अख्ख्या मराठीतून या पोरीच्या तोंडी एवढा एकच शब्द उरला आहे. मी तो कधी मुद्दाम शिकवला नव्हता. मी पदराचं टोक सीटवर घासून पाहिलं. ते पांढरंच राहिलं. मग मी बसले. घमापुरापर्यंत जाऊन आलो. परत आल्यावर तिच्या देखतच वळून साडी तपासली, आणि मग घरात गेले.